भाकड गायीचा भार कोणाच्या खांद्यावर?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी करून त्यांना जेवणाचे आवतण देणारा हा वऱ्हाड. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला गोवंशाचे महत्त्व कोणी शिकविण्याची गरज नाही. परंतु आज त्याच्याच गोठ्यात होल्स्टिन वा जर्सी संकराचा गोऱ्हा उभा आहे. त्याला वशिंड नाही. जू त्याच्या मानेवर नीट टिकत नाही. शेजारीच आटलेली संकरित गाय आहे. या दोघांचे करायचे काय?

ही जनावरे शेतकऱ्याने हट्टाने आणलेली नाहीत. दूध वाढावे म्हणून शासनानेच संकरीकरणाला बळ दिले. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी जाहीर केलेल्या पॅकेजमध्येही दुभत्या जनावरांचे वाटप होते. अमरावती आणि अकोला त्यांतलेच.

मार्च २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आली. कत्तलीसाठी विक्री आणि वाहतूक हाही गुन्हा ठरला. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही कत्तलबंदी वैध ठरविली. कायदा देशी आणि संकरित असा भेद करीत नाही, हे योग्यच आहे. भेद करते ती मदत! ३० सप्टेंबर २०२४ रोजी ‘राज्यमाता-गोमाता’ हा सन्मान देशी गायीला मिळाला. गोशाळांना प्रतिदिन ५० रुपयांचे अनुदानही देशी गायीपुरतेच मंजूर झाले.

मग शेतकऱ्यापुढे उरते काय? ठेवावी तर ढेप-कुटाराचा खर्च, मोकळी सोडावी तर शेजाऱ्याचे सोयाबीन, विकावी तर गुन्ह्याचे भय. अखेर रात्री दलालाची गाडी येते आणि धनी तोंड फिरवून उभा राहतो. २०२५ मध्ये कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदी थांबविली, तेव्हा गुरांचे बाजार मंदावले. भाकड जनावराला दुसरा ग्राहक आपण निर्माणच केला नाही, हे कटू सत्य त्यातून उघड झाले.

केवळ गाड्या अडवून गोरक्षण होत नाही. गोशाळांचे अनुदान संकरित गायीलाही मिळावे. बहुतांशी कालवडीच जन्माला घालणाऱ्या लिंगनिर्धारित रेतमात्रा तालुक्याच्या दवाखान्यात सहज मिळाव्यात. नवी गाय घेणाऱ्याला गौळाऊसारखी वैदर्भीय जात उपलब्ध व्हावी. आणि शहरात बसून गायीचा जयजयकार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एका तरी भाकड गायीच्या चाऱ्याचा भार उचलावा. दूध सर्वांनी प्यावे आणि पाप मात्र एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारावे, हा धर्म नव्हे.