जंत गोडाने होत नाहीत



‘गोड खाल्ल्याने जंत होतात, मूल पांढुरके दिसले तर लोहाच्या गोळ्या पुरेत’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे चुकीचे आणि धोक्याचे आहे.

अंकुशकृमी हा जंत मातीतून येतो. उघड्यावरच्या शौचातून अंडी जमिनीत पडतात, त्यांतून निघालेल्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतात आणि रक्त, फुप्फुसे, घसा असा प्रवास करून लहान आतड्यात पोहोचतात. तिथे वाढलेले कृमी अस्तराला चावून रक्त पितात. रक्त गोठू न देणारे द्रव्य ते सोडत असल्याने जागा बदलली तरी जुनी जखम वाहत राहते. यांतल्या मोठ्या जातीचा एक कृमी दिवसाला ०.२ मिलिलिटरपर्यंत रक्त घालवतो. शंभर कृमींचा हिशेब करून पाहा. शौचात बहुधा लाल काही दिसत नाही, म्हणून घरचे निर्धास्त! लोह द्यावेच, पण गळती चालू असताना ते किती पुरणार?

राष्ट्रीय जंतनाशक दिनी, १० फेब्रुवारीला, अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते. ती चुकवू नये. मात्र मोठ्या माणसाला डांबरासारखे काळे शौच झाले, तर जंतांवर ढकलून स्वस्थ बसू नका. अल्सर किंवा कर्करोगही असू शकतो. लगेच डॉक्टरांकडे जा.

– एक वाचक