नकाशावरचे अंतर आणि रुग्णाची वाट

अंतराचे सूत्र दहावीत शिकवले जाते. दोन बिंदूंच्या निर्देशकांमधला आडवा आणि उभा फरक काढायचा, दोन्हींच्या वर्गांची बेरीज करायची, तिचे वर्गमूळ घ्यायचे. मुळात हे पायथागोरसचेच प्रमेय. परीक्षा संपली की बहुतेकांची त्याच्याशी पुन्हा गाठ पडत नाही. आरोग्य केंद्र कुठे असावे हे ठरवणाऱ्यांची मात्र पडायला हवी.

समजा, किलोमीटरच्या चौकटी आखलेल्या नकाशावर एक पाडा (१, २) या बिंदूवर आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र (४, ६) वर आणि ग्रामीण रुग्णालय (१६, ११) वर. पाडा ते केंद्र फरक ३ आणि ४, वर्गांची बेरीज २५, म्हणून अंतर ५ किमी. केंद्र ते रुग्णालय १२ आणि ५, बेरीज १६९, अंतर १३ किमी. रुग्णालय ते पाडा १५ आणि ९, बेरीज ३०६, अंतर सुमारे साडेसतरा. त्रिकोणाची परिमिती साडेपस्तीस किमी. साप चावलेला माणूस केंद्रावरून रुग्णालयात गेला आणि बरा होऊन घरी परतला, तर त्याचा प्रवास एवढा.

थेट रुग्णालय गाठायचे तर साडेसतरा किमी, केंद्रावरून गेले तर अठरा. अर्ध्या किलोमीटरच्या वळशाने प्रतिविषाची पहिली मात्रा कितीतरी आधी मिळू शकते. अर्थात प्रतिविष आणि डॉक्टर दोन्ही तिथे हजर असतील तर! ‘थेट मोठ्या दवाखान्यात न्या’ हा सल्ला दर वेळी शहाणपणाचा नसतो, तो असा.

पण सूत्र सरळ रेषा मोजते. सातपुड्यात किंवा मेळघाटात रस्ता डोंगराला वळसे घालत जातो आणि नाल्याला पूर आला की त्रिकोणाची एक बाजूच पुसली जाते. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे सूत्रात घालणेही चूकच. २० अंश उत्तर अक्षांशाजवळ अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किमीचा, तर रेखांशाचा सुमारे १०५ किमीचा असतो.

सरकारी निकष मैदानी भागात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र असा आहे. तो डोकी मोजतो, वाट मोजत नाही. प्रत्येक पाड्यापासून केंद्रापर्यंत प्रत्यक्ष रस्त्याने किती मिनिटे लागतात, याची नोंद जिल्ह्याच्या आराखड्यात हवी. ती उन्हाळ्यात नव्हे, जुलैमध्ये घ्यावी. सर्पदंशाचे रुग्ण वाढतात तेही पावसाळ्यातच.