कुकरएवढा दाब

आमच्या घरात रोबोट आला त्याला आता दोन वर्षं होतील. 'आला' म्हणजे विकत आणलेला नाही. लेकीने आणि मी मिळून केलेला. प्लायवूडची फळी, चार चाकं, वर एक हात आणि हाताच्या टोकाला दोन बोटांचा चिमटा. एवढाच त्याचा संसार. फरशीवरून जायचं, पेला उचलायचा, दुसरीकडे नेऊन ठेवायचा. चाकं मोटरवर फिरतात, पण हात आणि चिमटा हवेवर चालतात. या हवेवरून माझं एक ठाम मत झालंय, आणि ते मांडण्यासाठीच आजचा हा प्रपंच.

मत असं, की घरी हौसेने रोबोट करणाऱ्याने त्याच्या हातातला हवेचा दाब कुकरएवढा ठेवावा, आणि टाकीतला फार तर गाडीच्या टायरएवढा. याहून जास्त लागतोय असं वाटलं, तर पंपाकडे नाही, आपण काय करून ठेवलंय त्याकडे बघावं.

कुकरएवढा म्हणजे किती? आपल्या स्वयंपाकघरातला कुकर बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 1 बार जास्त दाबावर शिट्टी देतो. म्हणजे 15 पीएसआयच्या आसपास. मोटारीच्या टायरमध्ये 32-35 पीएसआय भरतात, म्हणजे सव्वादोन बारच्या आगेमागे. कारखान्यातल्या हवेच्या लाइनी 6-7 बारवर चालतात. आता ऐकणाऱ्याला 1 बार म्हणजे अगदीच मामुली वाटतं. मलाही वाटायचं. पण गणित करून बघा. 1 बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ 1 किलोचा रेटा. औषधाच्या दुकानात मिळणारी 20 मिलीची सिरिंज घेतली, तर तिच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ 3 चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे 3 किलोचा जोर. 60 मिलीची घेतली तर साडेपाच किलोच्या पुढे. एक पेला उचलायला आणखी किती हवं? जोर हा दाब गुणिले क्षेत्रफळ असतो. आपण मात्र त्यातला दाबच तेवढा डोक्यात धरून बसतो. दट्ट्या मोठा घेता येतो हे लक्षातच येत नाही.

हे शहाणपण मला आधीपासून होतं असं कृपया समजू नका.

पहिला प्रयत्न असा होता. अडीच फुटांचा 63 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेतला, दोन्ही तोंडांना एंड कॅप सोल्युशनने चिकटवल्या, की झाली दोन लिटरची टाकी. टायरमध्ये हवा भरायचा 12 व्होल्टचा पंप होताच. पाइप गच्चीवर कित्येक वर्षं पडून होता, म्हणून जरा शंका आली. हार्डवेअरच्या दुकानात विचारलं, तर उत्तर आलं, "6 किलोचा पाइप आहे साहेब, छापलंय बघा. काही होत नाही." छापलेलं खरंच होतं. इंटरनेटवरही अशा टाक्या करून दाखवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्यातही कुणाला काही झालेलं दिसत नाही.

हवा सोडायला भोसरीतून एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणला. 1 बारवर लावला तर नुसता टिकटिक वाजायचा, हवा काही सोडेना. मी निष्कर्ष काढला, दाब कमी पडतोय. दोन बार केला. चालला! मग लक्षात आलं की एकदा भरलेल्या टाकीत चिमटा जेमतेम वीस-बावीस वेळा उघडमीट करतोय. शाळेच्या प्रदर्शनात तेवढ्याने भागणार नव्हतं. मी पुन्हा निष्कर्ष काढला, टाकीत जास्त हवा हवी. म्हणजे दाब वाढवा. तीन बार केला, चार केला. त्या रविवारी बाल्कनीत पंप चालू होता आणि काटा 70 पीएसआयला टेकत होता, म्हणजे जवळजवळ 5 बार. लेक टाकीशेजारी मांडी घालून बसली होती. तेवढ्यात आईने तिला आतून हाक मारली, "अगं, आंबोळी गार होतेय." ती उठून आत गेली. मी पाना आणायला दाराशी आलो.

आवाज कसा झाला ते लिहून सांगता येणार नाही. समोरच्या इमारतीतले लोक खिडक्यांत आले. पाइप फाटला नव्हता, फुटला होता, काचेसारखा. एक टोकदार तुकडा ती बसली होती त्याच्या मागे ठेवलेल्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यात घुसला होता. साधारण तिच्या खांद्याच्या उंचीला.

त्या दिवशी मी कुणाशीच फार बोललो नाही.

मग वाचायला बसलो. हे आधी करायला हवं होतं, कबूल. पाइपवर छापलेला 6 किलोचा आकडा पाण्यासाठी असतो. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे पाण्याने भरलेला पाइप तडकला तर एक चिळकांडी उडते आणि दाब तिथेच संपतो. हवा स्प्रिंगसारखी दाबून बसलेली असते. वाट मिळाली की सगळी एकदम उसळते. त्यात पीव्हीसीचे धारदार तुकडे होतात, आणि वर्षानुवर्षं ऊन खाल्लेला पाइप तर आणखी ठिसूळ. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या 'ओशा' या सरकारी संस्थेने उघड्यावरच्या पीव्हीसी पाइपातून दाबाची हवा नेण्याविरुद्ध 1988 सालीच इशारा दिला होता.

त्या रात्री मी एक हिशोब मांडला. जास्तीत जास्त किती ऊर्जा बाहेर पडू शकते, असा. दोन लिटरच्या टाकीत 1 बार हवा असेल, तर ती म्हणजे 10 किलोची तांदळाची पिशवी ओट्यावरून खाली पडणं. 2 बार असेल तर तीच पिशवी माळ्यावरून. आणि 5 बार असेल तर चौथ्या मजल्यावरून. दाब पाचपट केला, पण साठलेली ऊर्जा पंधरापट झाली. गेजचा काटा हे सांगत नाही. तो आपला शहाण्यासारखा एकेक रेघ पुढे सरकतो.

पण मला जास्त लागलं ते दुसरंच. दाब वाढवायची खरं तर एकदाही गरज नव्हती!

तो व्हॉल्व्ह पुन्हा हातात घेऊन नीट वाचला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, 0.15 ते 0.8 एमपीए. म्हणजे दीड बारच्या खाली तो चालणारच नाही. या जातीच्या व्हॉल्व्हमधली कॉइल फक्त एक छोटं भोक उघडते, आतला मुख्य दट्ट्या हवेच्याच जोरावर सरकतो. मला हवा होता तो डायरेक्ट ॲक्टिंग, ज्यात कॉइलच सगळं काम करते आणि शून्य दाबालाही चालतं. चूक खरेदीची होती, मी ती दाबाने झाकली.

उघडमीट कमी होत होती त्याचंही तेच. व्हॉल्व्ह रोबोटच्या मागच्या टोकाला, चिमटा पुढे, मध्ये हौसेने वळणं देत नेलेली दोन मीटर नळी. 4 मिलिमीटर भोकाच्या एक मीटर नळीत साडेबारा मिली हवा मावते. दोन मीटरमध्ये 25. म्हणजे माझ्या 20 मिलीच्या सिरिंजपेक्षा मोठी एक बिनकामाची सिरिंज मी दर खेपेला भरत होतो आणि रिकामी करत होतो. वर गळती वेगळीच. पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे बघतो, तसे सगळे सांधे साबणाच्या पाण्याने बघितले. सातपैकी चार गळत होते.

आता काय केलंय ते सांगतो. टाकी म्हणजे कोल्ड्रिंकची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली. ही बाटली मुळात दाबासाठीच केलेली असते. थंड पेय साध्या खोलीत ठेवलं तरी आतला वायू 3-4 बारने दाबत असतो. झाकणाला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवलाय. आधी बाटली काठोकाठ पाण्याने भरून, बादलीत ठेवून 4 बारला तपासली. पाण्यात फुटली असती तर फरशी ओली झाली असती, एवढंच. रोज वापरताना 2 बारच्या वर जात नाही. जास्त झालं तर आपोआप हवा सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह आहे, शिवाय पंप ठरल्या दाबाला बंद करणारा प्रेशर स्विच आहे. कुकरलाही नाही का, शिट्टी असते आणि वर सेफ्टी व्हॉल्व्हही असतो? एक अडकला तर दुसरा. बाटलीवर जाड कापडाची पिशवी असते, ओरखडा दिसला की बाटली बदलतो, आणि हवा भरताना दोघांच्याही डोळ्यांवर चष्मे असतात. बाटली म्हणजे अभय नव्हे.

पुढे रेग्युलेटर लावून हाताला 1 बारच देतो. व्हॉल्व्ह सिरिंजला खेटून बसवला, मध्ये बोटभर नळी. दट्ट्याला सिलिकॉन तेलाचा थेंब, म्हणजे अडकून मग हिसका देत नाही. परत यायला रबर बँड. ठिबक सिंचनाच्या दुकानातली बारीक नळी आणि जोड वापरलेत. ठिबकही 1 बारच्या आसपासच चालतं, त्यामुळे तो माल या कामाला अगदी चपखल बसतो. कागदावर 48 उघडमिटी येत होत्या, प्रत्यक्षात 40 होतात. 5 बारच्या हव्यासापायी काय गमावून बसलो असतो त्यापुढे हे चाळीस मला पुष्कळ आहेत.

तुम्ही म्हणाल, रोबोकॉनवाली मुलं तर 6 बार वापरतात. वापरतात. 2002 साली सुरू झालेल्या या आशियाई स्पर्धेच्या नियमांत बऱ्याच वर्षी हीच मर्यादा आहे, आणि 2014 साली ती आपल्या पुण्यातच भरली होती. पण तिथे वर्कशॉप असतं, शिकवणारे असतात, यंत्र मैदानात उतरायच्या आधी तपासणारे असतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे बाल्कनीतल्या 'काही होत नाही'शी. आपण जुगाडाचं फार कौतुक करतो. टाकाऊतून टिकाऊ करावं, जरूर करावं. मी औषधाच्या दुकानातली सिरिंज वापरलीच आहे. पण सिरिंज चुकली तर हवा फुस्स होते, टाकी चुकली तर माणूस जातो. जुगाड कुठे चालेल आणि कुठे नाही हे कळणं, हाही कारागिरीचाच भाग आहे.

आणि कमी दाब म्हणजे केवळ भित्र्याची तडजोड, असंही नाही. लेकीने नंतर एक गंमत केली. आजोबांच्या जुन्या बीपीच्या यंत्रातला पट्ट्यामधला रबरी फुगा काढला आणि चिमट्याच्या एका बोटाला आतून लावला. डॉक्टर 120 म्हणतात ना, तो दाब फक्त 0.16 बार असतो. तेवढ्यावर तिने कच्चं अंडं उचलून दाखवलं. मोटरचा चिमटा अंडं एक तर फोडायचा नाही तर पाडायचा. हवा मात्र समोरच्या वस्तूचा आकार घेते. जोसेफ मॅककिबेन नावाचा अमेरिकी अणुशास्त्रज्ञ होता. त्याच्या मुलीला पोलिओने अपंगत्व आलं. तिचा हात हलावा म्हणून 1950 च्या दशकात त्याने रबरी नळीवर विणलेली जाळी चढवून हवेने आकसणारा स्नायू तयार केला. आजही त्या स्नायूला त्याचंच नाव आहे. बाप आणि लेक आणि हवा... हे वाचलं तेव्हा मला आमची बाल्कनी आठवली आणि बराच वेळ काही सुचलं नाही.

परवा रोबोटचा हात पुन्हा अडकत अडकत चालायला लागला. माझा हात सवयीने रेग्युलेटरकडे गेला. लेक म्हणाली, "बाबा, आधी साबणाचं पाणी." एक सांधा गळत होता.

तो पीव्हीसीचा तुकडा मी टाकलेला नाही. टेबलावर गेजशेजारी ठेवलाय. असो. आत कुकरची तिसरी शिट्टी झाली, उठायला हवं.