दुपार कुणाची?

वाचकहो, जर्मनीत नव्याने आलेल्या आपल्या कुटुंबांना घर, व्हिसा आणि भाषा ही तीन कोडी सुटत आली की चौथं कोडं पडतं, ते दुपारचं. शाळा सकाळी आठला भरते आणि बऱ्याच ठिकाणी बारा-एकला सुटतेसुद्धा! पोर दप्तर घेऊन दारात उभं, आई-बाबा दोघंही ऑफिसात आणि आजी-आजोबा पुण्याला नाहीतर नागपूरला. मग 'होर्ट'च्या यादीत नाव घालायचं आणि नंबर लागण्याची वाट बघायची.

शाळेने सकाळी शिकवावं, दुपार घराने सांभाळावी, असा इथला जुना रिवाज. त्याला धक्का बसला तो 'पिसा' चाचणीच्या निकालांनी. डिसेंबर २००१ मध्ये ते जाहीर झाले आणि जर्मन मुलं मागे पडलेली दिसली. शिवाय मुलाचं यश घरच्या परिस्थितीवर इथे फारच अवलंबून आहे, हेही उघड झालं. २००३ पासून केंद्र सरकारने पूर्णवेळ शाळांसाठी चार अब्ज युरो दिले. पुढे २०२१ च्या कायद्याने २०२६-२७ या शालेय वर्षापासून पहिलीच्या मुलांना दिवसाला आठ तास, आठवड्याचे पाच दिवस सोय मिळण्याचा हक्क दिला. दरवर्षी एकेक इयत्ता वाढत २०२९-३० पर्यंत चौथीपर्यंतची सगळी मुलं त्यात येतील.

म्हणजे देखरेखीचा प्रश्न निम्मा सुटेल. पण मूल सांभाळलं जाणं वेगळं आणि मोठं होणं वेगळं. त्या दुसऱ्या कामासाठी या देशाने एक खास वस्तू घडवली आहे : 'फेराईन'!

सात माणसं जमली की फेराईनची नोंदणी होऊ शकते. (आपल्याकडे दोन मराठी माणसं जमली की तीन मंडळं होतात, त्या मानाने जर्मन लोक फारच काटकसरी!) नुसत्या क्रीडामंडळांची संख्याच ८५ हजारांच्या वर आहे. लहानशा खेड्यातही फुटबॉल, जिम्नॅस्टिक्स आणि अग्निशमन दल सापडायचंच.

ही कल्पना आपल्याला परकी वाटायचं काही कारण नाही. फ्रीडरिश लुडविग यान यांनी १८११ मध्ये बर्लिनच्या हाजेनहायडे मैदानावर तरुणांना जमवून कसरतींचा आखाडा सुरू केला. साधारण त्याच काळात, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर मल्लखांबाची विद्या घडवत होते. तरुण एकत्र जमले की राज्यकर्त्यांच्या पोटात गोळा येतो, हाही दोन्हीकडचा अनुभव. प्रशियाने १८२० पासून १८४२ पर्यंत यानच्या आखाड्यांवर बंदीच घातली होती.

या दोन परंपरांची गाठ पडली १९३६ साली. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. त्याचं पथक ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं आणि त्यांनी कबड्डीसह आपले देशी खेळ करून दाखवले. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात जर्मनीतलं सारं तारुण्य 'हिटलर युगेंड'मध्ये जमा करणारा कायदा झाला. बाकीच्या बहुतेक युवक संघटना तोवर बंद पाडल्या किंवा गिळल्या गेल्या होत्या. म्हणजे संघटना मुलांना घडवते तशी बिघडवतेही. म्हणूनच १९९० च्या बालक-युवक साहाय्य कायद्यात एक गोष्ट आवर्जून आली आहे : युवक संघटनांचं काम तरुणांनी स्वतःच आखायचं, मिळून करायचं आणि जबाबदारीही घ्यायची. मोठ्यांनी पैसा आणि जागा द्यावी, हुकूम देऊ नयेत.

हे कागदावरच नाही बरं का! युवा अग्निशमन दल बघा. जर्मनीत मोठी शहरं सोडली तर आग विझवणारे बहुतेक सगळे स्वयंसेवकच. तिथे साधारण दहाव्या वर्षी मूल दाखल होतं, नळी जोडायला शिकतं, गाठी मारायला शिकतं, आणि आपल्यामागे कुणीतरी उभं आहे यावर भरवसा ठेवायला शिकतं. सोळाव्या वर्षी किमान तीस तासांचं शिक्षण आणि प्रथमोपचार पुरे केले, की 'युलाईका' हे युवा-नेतृत्वाचं ओळखपत्र मिळू शकतं. १९९९ पासून ते देतात. सोळा वर्षांची मुलगी पंधरा लहानग्यांना घेऊन शिबिराला जाते, आणि तिच्यावर विश्वास टाकला जातो. आमच्यातल्या जुन्या मंडळींना इथे राष्ट्र सेवा दलाची शाखा आठवेल. १९४१ पासून तिथेही थोडी मोठी मुलं छोट्यांना सांभाळतच मोठी झाली.

आता जरा कडू बोलतो. आपल्या घरांत चौथी इयत्ता आली की फेराईन सुटते. बर्लिन-ब्रांडेनबुर्ग सोडल्यास बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, गिम्नाझिउम की आणखी काही? मग घरात घबराट. 'फुटबॉल नंतर, आधी गणित!' आणि दुपारचा क्लास लागतो. पालकांची काळजी खोटी नाही. परक्या देशात पदवी हाच आपला सातबारा, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहा. चौथीनंतर शाळा मुलांना वेगळं करते. गिम्नाझिउमचा मुलगा आणि रेआलशूलेचा मुलगा एकाच संघात खेळतात ते फक्त फेराईनमध्ये. गावातली माणसं नावाने ओळखतात, तीही तिथेच. ज्या वर्षी वर्गातले मित्र पांगणार, नेमक्या त्याच वर्षी आपण मुलाचा हा आधारही काढून घेतो. पाच दुपारींतली एक-दोन फेराईनला द्या, गणित काही पळून जात नाही!

काही व्यवहाराच्या गोष्टी. बहुतेक ठिकाणी आधी एक-दोनदा फुकट येऊन बघता येतं. वर्गणी बेताची असते, आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना, सरकारी साहाय्य मिळत असल्यास, मुलाच्या सभासदत्वासाठी महिन्याला १५ युरो मिळू शकतात. आणि हो, पोराला गाडीतून उतरवून परत फिरू नका. केक आणा, खुर्च्या लावा, सामन्याला चार मुलांना गाडीतून न्या. भाषा मोडकी असली तरी खुर्ची उचलायला व्याकरण लागत नाही! आपल्या कितीतरी मंडळींना शेजारची पहिली ओळख याच खुर्च्यांवर मिळाली आहे.

शेवटी आपल्या मंडळांविषयी. लहान मुलं गणेशोत्सवात हौसेने नाचतात, आणि चौदाव्या वर्षानंतर दिसेनाशी होतात. मग आपण म्हणतो, 'मुलांना मराठीची गोडी नाही.' खरं म्हणजे आपण त्यांना स्टेज देतो, किल्ली देत नाही. यंदा एक कार्यक्रम पूर्ण त्यांच्या हाती देऊन बघा : पैसे, हॉलचं बुकिंग, निवेदन, सगळं. निवेदनात जर्मन शब्द येतील, जेवणात पिझ्झा येईल, हिशेबात पाच युरो चुकतील. चुकू देत! पुढच्या वर्षी हीच मुलं न बोलावता येतात की नाही, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात छापू.