फडातील ताण आणि ऊसतोड स्त्रीचे शरीर

सातारा-सांगली : गाळप हंगाम सुरू झाला की बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर कृष्णाकाठी पालांवर उतरतात. कराड आणि वाळवा तालुक्यांतील कारखाने त्यांच्याच कोयत्यावर चालतात. मात्र या स्थलांतरित स्त्रियांच्या आरोग्याची खरी चर्चा झाली ती २०१९ मध्ये, गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण गाजल्यावर. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या निमित्ताने पुढे आलेल्या आकडेवारीनुसार, पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाली होती. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक!

ठपका खासगी डॉक्टरांवर आला आणि तो गैर नव्हता. परंतु दुखण्याचे मूळ उचलीच्या व्यवहारात आहे. पती-पत्नी मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत दोघांचे श्रम गहाण. काम बुडाले की खाडा आणि त्याचा दंड. मग कारण मासिक पाळी असो, ताप असो वा बाळंतपण. पहाटेचा स्वयंपाक, दिवसभराची तोडणी, डोक्यावरून मोळ्यांची वाहतूक आणि रात्री-अपरात्री वाहन भरणे. पालावर शौचालय नाही म्हणून पाणीच कमी प्यायचे. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग. अंधारात बाहेर पडण्याची धास्ती वेगळीच.

ही धास्ती शरीरात मुरते. संकटात स्रवणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक तात्पुरते उपकारक असते. महिनोन्महिने चढे राहिल्यास रक्तदाब व साखर वाढते, झोप मोडते, प्रतिकारशक्ती खालावते. अमेरिकेतील आयोवा राज्यात, पोस्टव्हिल येथे मे २००८ मध्ये स्थलांतरित कामगारांवर मोठा छापा पडला. त्यानंतर राज्यातील लॅटिन अमेरिकी वंशाच्या मातांना कमी वजनाची बाळे होण्याचा धोका आधीच्या वर्षापेक्षा २४ टक्क्यांनी वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. अमेरिकेतच जन्मलेल्या, म्हणजे हद्दपारीचे भय नसलेल्या माताही त्यातून सुटल्या नव्हत्या.

बीडमध्ये शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. पण शरीर झिजते ते कृष्णाकाठच्या फडात. फिरत्या पथकाने रक्तदाब आणि हिमोग्लोबिन जरूर तपासावे; तथापि दंडाच्या भीतीने ती स्त्री तपासणीला येणारच नसेल, तर पथकाचा उपयोग काय? तोडणीचे करार कारखान्यांच्या कचेरीत होतात. आजारपणाच्या खाड्याला दंड नाही, एवढे एक कलम त्यात घालण्यास सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.