तूट क्विंटलमागे, मदत हेक्टरी!

सोयाबीनवाल्यांचे लाड किती करायचे, असा सवाल एका वाचकाने मंगळवारच्या अंकात केला आहे. तेल स्वस्त हवे आणि शेतकऱ्याला अनुदान मिळतेच, मग ओरड कसली, असे त्यांचे म्हणणे. लाडाचा हिशेब मांडतो.

२८ मे २०२५ रोजी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव ४३६ रुपयांनी वाढवून ५,३२८ केला. पेढे वाटून व्हायच्या आत, ३० मे रोजी, कच्च्या खाद्यतेलावरचे आयातशुल्क उपकरासह साडेसत्तावीसवरून साडेसोळा टक्क्यांवर आणले. दोन दिवस! एका हाताने भाव लिहून द्यायचा आणि दुसऱ्या हाताने अर्जेंटिनाचे तेल, इंडोनेशियाचे पाम बंदरात उतरवायचे. तोवर आमच्या घरात बियाण्याच्या बॅगा येऊन पडल्या होत्या. हे साडेसत्तावीस टक्के लागले होते सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर. निवडणुकीआधी चढलेले शुल्क पेरणीआधी उतरले, याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

आता अनुदान. २०२३ च्या खरिपासाठी कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५,००० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे एकरी २,००० आणि खातेदाराला सोयाबीनपोटी फार तर १०,०००. पैसे आले वर्षभराने, पुन्हा निवडणुकीच्याच हंगामात. २०२५ च्या खरिपात पावसाने जे नेले त्याची मदत वेगळी, तिच्याबद्दल इथे बोलत नाही. जे उरले ते एकरी पाच क्विंटल. ओलावा दाखवून व्यापाऱ्याने ४,२०० लावले. हमीभावापेक्षा क्विंटलमागे १,१२८ कमी, एकरी ५,६४० रुपयांची तूट. तूट क्विंटलवर पडते, तर मदत हेक्टरवर का मोजता? पाच क्विंटल विकणारा आणि काहीच न विकणारा, दोघांना सारखेच?

शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२५ मध्ये सोयाबीनला भावांतर लावले. हमीभाव आणि बाजारातला सरासरी दर यांतला फरक थेट खात्यात. भावांतर म्हटले की व्यापारी दर पाडतात, हे मलाही कळते. २०१७ मध्ये तिथेच ही ओरड झाली होती. पण दर तर इथे भावांतराशिवायही पडलेच. शुल्क केंद्राने कापले, तर फरक केंद्राने भरावा. आयातशुल्काचा पैसा दिल्लीच्या तिजोरीत जातो, आमच्या औशाच्या नाही.

तेल स्वस्त हवे म्हणणाऱ्या वाचकाने किराणा दुकानातली मेपासूनची बिले काढून बघावीत. मी माझी काढली. डब्यामागे किती उतरले ते लिहायची लाज वाटते.

राहिला 'मिळतेच' हा शब्द. त्या हेक्टरी पाच हजारांसाठी ई-पीक पाहणी, आधारचे संमतीपत्र आणि सामाईक खाते असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचे ना-हरकत पत्र लागत होते. आमच्या सातबाऱ्यावर धाकटा भाऊ आहे, तो पुण्यात कंपनीत. त्याच्या एका सहीसाठी एसटीने जाऊन आलो. परतलो तर सांगितले, सही आधारवरच्या सहीशी जुळत नाही. आधारवर सही असते कुठे?

– एक सोयाबीन उत्पादक, औसा (जि. लातूर)