दगडांची ओळख की नावांची घोकंपट्टी ?

आमच्या एका सुविद्य स्नेह्यांनी काही वर्षांपूर्वी नवे घर बांधले आणि ते आम्हांस दाखविताना स्वयंपाकघरातील ओट्यापाशी ते अंमळ अधिक वेळ रेंगाळले. "अस्सल काळा ग्रॅनाइट आहे बरे का !" असे त्यांनी सांगितले. ओटा देखणा होता यात शंका नाही. काळाभोर, आरशासारखा गुळगुळीत, आणि आत सोनेरी कण चमकत असलेला. आम्ही खिशातील भिंग काढून तो पाहिला आणि आमच्या तोंडून निघून गेले, "दगड उत्तम आहे, पण ग्रॅनाइट नव्हे." गृहस्थ खट्टू झाले. वहिनींना दुकानदाराने फसविल्याची शंका आली. वास्तविक फसवणूक काहीच झाली नव्हती. घासून चकाकी येणाऱ्या कोणत्याही कठीण दगडास ग्रॅनाइट म्हणण्याचा व्यापाऱ्यांचा प्रघात आहे, आणि आंध्रातील चिमकुर्तीच्या खाणींतून येणारा हा दगड गॅब्रोच्या कुळातला आहे. ते सोनेरी कणही सोन्याचे नव्हेत, पायरोक्सीन नामक खनिजाचे आहेत. खऱ्या ग्रॅनाइटात क्वार्ट्‌झ आणि फेल्स्पार यांच्या एकूण भरतीपैकी 20 ते 60 टक्के क्वार्ट्‌झ असावे लागते. येथे ते शोधूनही सापडत नव्हते.

व्यापाऱ्यास आम्ही दोष देत नाही. आम्हांस दुःख झाले ते निराळ्याच कारणाने. आमच्या स्नेह्यांचे चिरंजीव भूशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात पदवीधर झालेले. ते शेजारीच उभे होते, आणि त्याच ओट्यापाशी उभे राहून ते वर्षभर सकाळचा चहा घेत होते!

या तरुणाची हुशारी आम्ही जाणतो. त्याला ग्रॅनाइटची व्याख्या तोंडपाठ होती. मग दगड का ओळखता आला नाही ? कारण दगड ओळखावयास त्याला कोणी शिकविलेच नव्हते. शिकविली होती ती नावे. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयात नमुन्यांची लाकडी पेटी आहे. प्रत्येक नमुन्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका व त्यावर आकडा. पिढ्यान्‌पिढ्या तेच दगड परीक्षेस येतात, आणि एक कोपरा उडालेला तो गॅब्रो, तेलकट हातांनी काळवंडलेला तो अँडेसाइट, ही गुरुकिल्ली वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जाते. आकडे पुसून ते दगड उलटे ठेवले तर निम्मा वर्ग अनुत्तीर्ण होईल असे आम्ही एकदा विनोदाने म्हणालो. त्यावर तेथील एक अध्यापक गंभीरपणे उत्तरले, "म्हणूनच तर आम्ही पुसत नाही !"

अग्निजन्य खडकापुढे दोन प्रश्न विचारावयाचे असतात, आणि नाव हे त्यांचे उत्तर म्हणून शेवटी यावयाचे असते. पहिला प्रश्न पोताचा. कण डोळ्यांना दिसतात का ? दिसत असल्यास सारखे आहेत की लहानमोठे ? ज्या घरात खडीसाखर आणि साखरेची गोळी दोन्ही आहेत त्या घरात हा पाठ अवघड जाऊ नये. पाक सावकाश जमला म्हणजे खडे मोठे होतात. झटकन निवाला म्हणजे काचेसारखी गोळी होते, खडा मुळी बनतच नाही. एडिंबरोच्या सर जेम्स हॉल यांनी 1798 साली हेच दगडावर करून दाखविले. काळा खडक भट्टीत वितळवून त्यांनी तो एकदम निवू दिला, तर काच झाली. हळूहळू निवू दिला, तर पुन्हा कणीदार दगड झाला. बेसाल्ट पाण्याच्या तळाशी साचून होतो असे सांगणाऱ्या विद्वानांचा पक्ष तेव्हा प्रबळ होता, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या प्रयोगाचे मोल कळते. पोत हा दगडाचा नुसता पृष्ठभाग नव्हे, तो त्याचा इतिहास आहे.

हा इतिहास वाचण्यास महाराष्ट्रीय विद्यार्थ्याइतकी सोय फार थोड्यांना असेल. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्ह्यावर आपण घरे बांधून राहिलो आहो आणि त्या सर्वांस 'काळा दगड' हे एकच नाव देऊन मोकळे झालो आहो ! कसारा घाटातील एका थरात फेल्स्पारचे पांढरे, लांबट, कोनदार स्फटिक बोटाच्या पेराएवढे दिसतात. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतील दगडांतही पांढरे ठिपके आहेत. पण ते बहुधा वाटोळे असतात. नवशिका दोन्हींस एकच समजतो. कसाऱ्याचे स्फटिक लाव्हा बाहेर पडण्यापूर्वीच खाली जमिनीत वाढू लागलेले; वाघोलीचे ठिपके म्हणजे वायूचे बुडबुडे निघून गेल्यावर राहिलेल्या पोकळ्या, ज्या पुढे पाण्याबरोबर आलेल्या खनिजांनी भरल्या. एक आधीचा, दुसरा मागाहूनचा. हा भेद कळण्यास भिंग लागते, ताजा फुटलेला पृष्ठभाग लागतो आणि थोडा धीर लागतो. पाठांतराचा तेथे काडीइतका उपयोग नाही.

दुसरा प्रश्न घटकांचा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्या भिंतींत कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट एकत्र नांदतात. दोन्ही ज्वालामुखीची अपत्ये, दोन्हींचे कण बारीक. परंतु बेसाल्टात सिलिका 45 ते 52 टक्के आणि लोह-मॅग्नेशियमची खनिजे मुबलक, तर ट्रॅकाइटात सिलिका त्याहून अधिक आणि फेल्स्पारचे प्राबल्य. मात्र रंगावर भिस्त ठेवणाऱ्याने सावध असावे. ग्रॅनाइटाचीच घटना असलेला शिलारस काच होऊन गोठला तर तो काळाकुट्ट दिसतो.

येथे आमचे काही तरुण सहकारी आम्हांस हसतात. ते म्हणतात, "भिंग आणि हातोडा यांचे दिवस गेले. दगडाची पूड यंत्रात घालावी. ते घटकांचे शेकडा प्रमाण दशांशासह सांगते." यंत्राचे उपकार आम्ही नाकारीत नाही. कण डोळ्यांना दिसतच नसतील तेथे बेसाल्ट कोणता आणि अँडेसाइट कोणता हे आम्हीही छातीठोकपणे सांगत नाही. तेथे रासायनिक पृथक्करण पाहिजे, किंवा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप करून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला पाहिजे. पण या सहकाऱ्यांस आमचा एकच सवाल आहे. बेसाल्ट, डोलेराइट आणि गॅब्रो या तिघांची पूड यंत्रात घाला; यंत्र तिघांविषयी जवळजवळ एकच उत्तर देईल. एक उघड्यावर वाहिलेला, दुसरा भेगेत शिरून थिजलेला, तिसरा खोल जमिनीत सावकाश निवालेला. ज्या गोष्टीने ते भिन्न आहेत ती गोष्टच तुम्ही पूड करताना नाहीशी केलीत ! ज्या यंत्रात घालण्यापूर्वी दगडाचा पोत मोडावा लागतो त्या यंत्राकडे पोताचे ज्ञान मागणे म्हणजे पत्र जाळून राखेपासून मजकूर विचारण्यासारखे आहे.

शिवाय हा केवळ पंडितांचा वाद नाही. भेगा नसलेल्या घट्ट बेसाल्टात पाणी साठावयास जागाच नसते. ते मिळते ते थरांच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या भागांत. धुळे-नंदुरबारकडे डोलेराइटच्या भिंती जमिनीतून मैलोगणती गेल्या आहेत, त्या भूमिगत पाण्याची वाट कोठे अडवितात तर कोठे मोकळी करितात. दुष्काळी गावात विहिरीची जागा दाखवावयास आलेल्या पदवीधराने खाली पडलेला तुकडा उचलून 'काळा दगड' एवढेच म्हटले, तर शेतकऱ्याचे कर्ज त्या पाच अक्षरांवर उभे राहते. गावचा वडार त्याहून अधिक सांगू शकतो, कारण कोणता दगड सुतकीला कसा फुटतो हे त्याच्या मनगटाला ठाऊक असते.

पाच-सहा वर्षांमागे आम्ही एका ठिकाणी बाह्य परीक्षक होतो. पेटीतले नमुने बाजूला सारून आम्ही वाटेवरच्या खाणीतून आणलेला तुकडा टेबलावर ठेवला. बहुतेकांनी 'बेसाल्ट' लिहून कागद दिला. एका मुलीने नाव लिहिलेच नाही. कण सामान्यतः बारीक, पण डोळ्यांस जेमतेम दिसणारे, पोकळ्या नाहीत, करडे लांबट स्फटिक काळ्या खनिजात गुंतलेले, भेगेत निवाला असावा, परंतु खाण पाहिल्याशिवाय खात्री देता येत नाही, असे तिने लिहिले होते. आम्ही तिला 10 पैकी 9 गुण दिले. तेथील अंतर्गत परीक्षकांनी 'नाव नाही' असा शेरा मारून त्यांचे 2 केले, आणि पुढचा अर्धा तास आम्ही दोघे त्या 7 गुणांसाठी भांडत होतो.